आवाज आपल्याच दारातला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापड-कुरडया, हळद शिजविणे, फार तर बाळंतिणीचा आहार, एवढ्यावर मी बोलू शकेन. पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात जे घडले तेच सांगा. ते बाहेरचा वक्ता सांगू शकणार नाही." म्हणून आज मी मोटारसायकलच्या आवाजाविषयी बोलणार आहे. हसू नका. आधी ऐका, मग हसावयाचे तर हसा.

आमच्या थोरल्याने गेल्या उन्हाळ्यात बुलेट घेतली. हळदीला भाव बरा आला होता, आणि हळद शिजविण्यापासून वाळविण्यापर्यंत पोरगा रात्रंदिवस राबला होता, म्हणून ह्यांनीही नाही म्हटले नाही. गाडी जुनी, नांदेडहून आणलेली, पण चांगली. आठ दिवसांनी पाहते तो गाडीचा आवाजच बदललेला. कंपनीचा सायलेन्सर काढून पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला होता, आणि त्याच्या जागी दुसरी चकचकीत नळी बसविली होती. बसविणाऱ्याने पैसे घेतले, पण पावती दिली नाही. मी विचारले, "बापू, हे कामून केलंस?" तर म्हणतो, "आई, बुलेट हाय ती, सायकल थोडीच हाय?"

सायलेन्सर म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. नंतर समजून घेतले, ते तुम्हांलाही सांगते. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो, आणि दर भडक्याला तापलेला धूर जोराने बाहेर पडतो. तो तसाच बाहेर सोडला तर बंदुकीसारखा आवाज होईल. म्हणून सायलेन्सरच्या आत पडदे आणि भोके केलेली असतात. धूर त्यांतून वळणे घेत जातो, त्याचा जोर मोडतो आणि आवाज आतल्या आत जिरतो. बाजारातल्या पुष्कळशा नळ्यांत हे आतले सामान नसतेच, किंवा काढून टाकलेले असते. वर ही पोरे धावत्या गाडीची किल्ली बंद करून पुन्हा चालू करतात. तेवढ्या वेळात न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत जाते आणि तेथे भडकते. तोच तो फटाका. त्यात ना गाडीची ताकद, ना पोराची.

आता माझी चूक सांगते. तो आवाज मला खुपत नव्हता. उलट, रात्री तो दूर वळणावर ऐकू आला की मी चूल पेटवून तवा ठेवीत असे. पोरगा दारात येईपर्यंत पहिली भाकरी टाकलेली असे. ज्या आवाजाने मला लेकरू सुखरूप आल्याचे कळे, त्याच आवाजाने दोन घरे सोडून एक तान्हे लेकरू दचकून उठत होते, हे मला तीन महिने कळले नाही. त्या घरची सून पहिलटकरीण. बाळ विसाव्या दिवसापासून झोपेतून किंचाळून उठावयाचे. त्यांच्या समोरच्या घरात एक आजोबा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. आवाज झाला की त्यांचा हात छातीवर जाई. एकाही घरातून मला कोणी बोलले नाही. कां बोलल्या नाहीत? कारण मी मंडळातली, रोज पाणी भरताना भेटणारी. शेजारधर्म म्हणून त्या गप्प बसल्या आणि मला वाटले की सर्व ठीक आहे.

पुढे मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. शाळेच्या रस्त्याने मुली जाताना काही पोरे मुद्दाम जवळून गाडी नेऊन फटाका काढतात, एक मुलगी सायकलवरून पडली, असे एका भगिनीने सांगितले. पोलीस ठाण्यात अर्ज द्यावयाचे ठरले. त्या अर्जावर तिसरी सही माझी आहे. खरे सांगते, सही करताना माझ्या डोळ्यांपुढे परक्याचे पोरगे होते.

अर्ज दिल्यावर बारा-तेरा दिवसांनी सायंकाळी फोन आला. नागपूर रस्त्यावर नाकाबंदी होती आणि आमच्या थोरल्याला अडविले होते. हे बाहेरगावी गेलेले. मी धाकट्या दिरांना घेऊन निघाले. तेथे सहा-सात गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांतली तिसरी आमची. पोरगा मान खाली घालून उभा. ओळखीचे एक गृहस्थ पुढे आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, पावती कशाला करता? मी बोलतो, थोडक्यात मिटवू." माझा हात कनवटीच्या पैशांकडे गेला होता, हे मी लपवीत नाही. आईचे मन आहे. पण त्याच क्षणी मला अर्ज आठवला. ज्या कागदावर माझी सही आहे, त्याच कागदाने हे घडविले आहे. परक्याच्या पोराला कायदा आणि माझ्या पोराला ओळख, असे मी कोणत्या तोंडाने करू? मी फौजदार साहेबांना म्हटले, "साहेब, पावतीच करा. आणि सायलेन्सर काढून घ्या. घरी जुना आहे." दिरांनी माळ्यावरचा सायलेन्सर आणला, तो बसविला, चलान मोबाइलवर आले, ते भरले. रक्कम सांगत नाही. महिन्याच्या तेल-डाळीचे पैसे गेले एवढे समजा.

त्यानंतर, कायदा काय आहे हे नीट समजून घ्यावे असे वाटले. माझी भाची नांदेडला वकिलीचे शिकते. तिने सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले आहे, ते वाचून दाखविते.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कंपनीने गाडी जशी करून दिली आणि जशी नोंदली गेली, तिच्यात मालकाला मनास येईल तसा बदल करता येत नाही. १९८९ च्या नियमांत १२० वा नियम सायलेन्सरचाच आहे. कलम १९० च्या दुसऱ्या भागात आवाजाचे आणि धुराचे प्रमाण मोडल्यास शिक्षा सांगितली आहे. २०१९ साली कायदा कडक झाला. आता पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिने परवाना बंद राहण्याची तरतूद आहे. जागेवर घेतला जातो तो तडजोडीचा दंड, तो राज्य सरकार ठरवून देते. तेव्हा नाक्यावर थोडक्यात सुटलो म्हणजे गुन्हा थोडका होता असे समजू नये. अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून रस्त्यावर मांडले आणि त्यांवरून रोडरोलर फिरविला, ती चित्रे तुम्ही वर्तमानपत्रांत पाहिली असतील. पोरांनी हौसेने घातलेले पैसे ते असे सपाट झाले.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० पासून सकाळी ६ पर्यंत. दवाखाना, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४०. हे आकडे लहान दिसतात, पण त्यांचा हिशेब किराण्यासारखा नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाचा जोर दसपट होतो, २० वाढले की शंभरपट. दोघी समोरासमोर बसून बोलतो तेव्हाच साठाच्या आसपास होतात. मग निजलेल्या गल्लीत त्या नळीने काय होत असेल, याचा विचार करा.

हा कायदा नुसता झोपेसाठी आहे असेही नाही. १९९८ साली अनिल मित्तल नावाचे एक अभियंते सर्वोच्च न्यायालयात गेले. एका १३ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला होता. शेजारी ध्वनिक्षेपकावर गाण्यांचा एवढा गोंगाट होता की तिच्या किंकाळ्या कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्या लेकराने स्वतःला जाळून घेतले. ता. १८ जुलै २००५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की शांततेने जगणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. कोणालाही आपला आवाज दुसऱ्याच्या कानांवर लादता येत नाही. भगिनींनो, हे वाचले त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. गोंगाटात नुसती झोप जात नाही, हाकही बुडते.

आता पोलिसांनी गाडी अडविली तर काय करावे, हे सांगते. आपल्यापैकी कित्येकी आता स्कूटी चालवितात, म्हणून हे आपल्यालाही लागू आहे. हात केला की गाडी बाजूला घेऊन थांबवावी, पळवू नये. पळवून पोर वाचत नाही, मरते. गणवेशातल्या पोलिसाने परवाना मागितला तर दाखविणे कायद्याने भाग आहे. नोंदणी, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र, हे कागद सरकारी डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. अरेरावी करू नये आणि रडूही नये. कोणत्या कलमाखाली दंड करता, हे शांतपणे विचारावे. पावतीवाचून एक रुपया देऊ नये. चलान चुकीचे वाटले तर तेथे भांडू नये. त्याविरुद्ध तक्रार करता येते, न्यायालयातही म्हणणे मांडता येते. गाडी मोठी आहे म्हणून ती दोषी ठरत नाही. कंपनीच्या सायलेन्सरचा भारदस्त आवाज हा गुन्हा नव्हे. म्हणून जुनी गाडी घेताना सायलेन्सर मूळचाच आहे ना, हे पाहून घ्यावे आणि बदलल्यास बिल ठेवावे.

आणि एक. अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती गाडी देऊ नका. २०१९ पासून कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. "आमचा बाळ्या आठवीतच गाडी चालवितो" हे कौतुकाने सांगणाऱ्या भगिनी येथेही बसल्या आहेत. मी नाव घेत नाही.

पोरांना बोलले, आता आपल्यालाही बोलते. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण भोंगा लावला होता. उखाणे घेणारी समोर बसलेली, ऐकणाऱ्या समोर बसलेल्या, मग भोंगा कोणासाठी? लग्नाच्या वरातीत डीजेपुढे आपणच नाचतो, आणि दहा वाजल्यावर बंद करावयास आलेल्या पोलिसाला "आजचा दिवस जाऊ द्या साहेब" म्हणणाऱ्याही आपणच. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास बंदी आहे, हे त्याच २००० सालच्या नियमांत आहे. पोराची नळी काढावयाची आणि आपला भोंगा ठेवावयाचा, हे न्यायाचे नाही.

घरी काय झाले, ते सांगून संपविते. थोरला आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. ताटावर बसे, जेवी, उठे. ह्यांनीही म्हटले, "आपल्याच लेकराला धरून दिलंस." मी काही उत्तर केले नाही. नवव्या दिवशी मी त्याला बरोबर घेऊन त्या बाळंतिणीच्या घरी गेले. काही शिकविले नाही, बाळ त्याच्या मांडीवर दिले एवढेच. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आता निजतंय बाबा लेकरू." तो काही बोलला नाही. पण घरी येताना गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी बंद केली आणि दारापर्यंत ढकलीत आणली. तशी आवश्यकता नव्हती, गाडीला आता आवाजच राहिला नव्हता. तरी आणली.

आता तो केव्हा येतो ते मला कळत नाही. तवा ठेवण्यास उशीर होतो आणि तो दारात उभा राहून हाक मारतो, "आई, आलो." भगिनींनो, मला विचाराल तर हाच आवाज मला हवा होता.

आपणां सर्वांना एवढेच सांगणे की तक्रार करावयाची तर आधी आपल्या दारातल्या गाडीचा आवाज ऐका, आणि शेजारीण गप्प आहे म्हणून ती सुखात आहे असे मानू नका.