रेंडरमधली माणसं

होर्डिंगवर नव्या स्कीमचं रेंडर दिसलं की मी इमारतीआधी त्यातली माणसं बघतो. बऱ्याचदा पुण्याच्या उन्हात जॅकेट घातलेली गोरी मंडळी! ‘स्काल्गुब्बार’सारख्या स्वीडिश साइटवर असे कटआउट तयार मिळतात ना. नऊवारीतल्या आजी, हेल्मेट हातात धरलेला पोरगा मात्र शोधावे लागतात.

पण कपड्यांपेक्षा सावली जास्त खटकते. पुणं साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर, सावली पायाखाली. डिसेंबरअखेरीस तोच 48 अंशांवर, म्हणजे 1.6 मीटरच्या माणसाची सावली जवळपास दीड मीटर.

आणि उंची! कॅमेरा 1.6 मीटरवर असेल, तर सपाट जमिनीवर तेवढ्याच उंचीच्या प्रत्येकाचं डोकं क्षितिजरेषेवरच यायला हवं, जवळ असो की लांब. माणूस जरा लहान केला की दहा फुटी हॉल प्रशस्त दिसतो. याला मी सजावट म्हणणार नाही. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 जाहिरातीतल्या खोट्या माहितीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देतं. तेव्हा ब्रोशर जपून ठेवा, आणि दरवाजाशेजारी उभा माणूस दरवाजाच्या कितव्या हिश्शाला येतो, ते मोजा.