दोन आणि तीनच्या भांडवलावर

मी रसमड्याहून बोलतोय. दुर्ग-राजनांदगाव लोहमार्गावरचं, कारखान्यांच्या शेजारचं हे गाव. इथल्या हिंदी पुस्तकांत ज्याला ‘लघुगणक’ म्हणतात, तो लॉगॅरिथम आज घेऊ.

फौजेत एक सवय लागते. जे हाताशी नाही त्याचं रडगाणं गायचं नाही. जे आहे त्यात काम भागवायचं. आज हाताशी फक्त दोन किमती आहेत, पाया १० धरून : लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१. लॉग ७२ काढायचा आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

नियम तीन. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज. भागाकाराचा लॉग म्हणजे वजाबाकी. घात असेल तर तो पुढे येऊन गुणतो.

आता ७२ फोडा : दोनाचा घन गुणिले तीनाचा वर्ग. म्हणून ३ × ०.३०१० + २ × ०.४७७१ = १.८५७२. झालं!

लॉग ५? पाच म्हणजे १० भागिले २. लॉग १० = १, म्हणून १ − ०.३०१० = ०.६९९०. इथेच बरीच मुलं घसरतात. ५ = २ + ३ म्हणून दोन्ही लॉग मिळवतात. उत्तर येतं ०.७७८१, पण तो सहाचा लॉग! बेरजेला लॉगचा नियम नाही. आणि सात? दोन, तीन, दहा यांच्या गुणाकार-भागाकारातून सात निघत नाही. तिथे नवी किंमत मागावीच लागते.

नेपियरने १६१४ मध्ये लॉग मांडले, ते गुणाकाराचे कष्ट वाचवायला. आज ते काम यंत्र करतं. मग शिकायचं कशाला?

कारखान्याकडे पाहा. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबल म्हणजे लॉगच. एका यंत्राचा आवाज ७५ डेसिबल. तेवढ्याच अंतरावर तशीच सहा यंत्रं लावली तर ४५० होत नाहीत. १० × (लॉग २ + लॉग ३) = ७.८ वाढतात, एकूण ८२.८. आकडा जेमतेम आठाने वाढला, पण कानावरची ऊर्जा सहापट झाली. औद्योगिक भागाची दिवसाची मर्यादा ७५ आणि वस्तीची ५५. फरक विसाचा दिसतो, असतो शंभरपट. ‘पाच-सात डेसिबलने काय होतंय’ असं कोणी म्हणालं, तर कामगाराच्या पोराला हा हिशेब मांडता आला पाहिजे.

गृहपाठ : लॉग ७.५ काढा. उत्तर ०.८७५१ यायला हवं. पायऱ्या लिहून काढा, नुसतं उत्तर नको.

जय हिंद.