मुलुंडच्या वेशीवर स्वागत

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, समुपदेशक, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते, आणि खरं तर ज्यांची नावं सगळ्यांच्या आधी घ्यायला हवी होती ते शुभार्थी, म्हणजे मनोविकारातून सावरणारी माणसं, आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर,

आपणा सर्वांचं मुलुंडमध्ये स्वागत. मी डॉक्टर नाही. मुलुंड पश्चिमेला माझं औषधांचं दुकान आहे. स्वागताध्यक्षपदासाठी साधारणपणे नगरसेवक शोधतात. तो बहुधा मिळाला नसावा.

स्वागताध्यक्षानं आपल्या गावाची थोरवी सांगावी असा रिवाज आहे. उपनगरांची थोरवी सांगायची म्हणजे लोकलची गर्दी आणि टॉवर यांपलीकडे काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण आजच्या विषयात, म्हणजे मनोविकार आणि त्यांवरचे नवे उपचार यांत, आमच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे. चेकनाक्यापलीकडे ठाण्याचं मनोरुग्णालय आहे, 1901 सालचं. ‘याला ठाण्याला पाठवा’ या विनोदावर मुंबईकरांच्या काही पिढ्या हसल्या. आता त्याच रुग्णालयाच्या जागेच्या एका भागावर ठाणे आणि मुलुंड यांच्या मधलं नवं स्टेशन व्हायचं आहे. म्हणजे उद्या आपण सगळेच रोज तिथे उतरणार. तेव्हा तरी तो विनोद बंद व्हावा.

दुसरी गोष्ट गोरेगावची, आणि ती मला विशेष प्रिय आहे, कारण ती औषधाची आहे. सर्पगंधेचं मूळ आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत होतं. 1931 मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरचे आपले अनुभव मांडले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. मनोरुग्णालयांत ते वापरलं जाऊ लागलं. पण रक्तदाबासाठी ते घेणारी काही माणसं उदास होऊ लागली, अशा नोंदी डॉक्टरांनी केल्या. हे औषध मेंदूतली काही रसायनं रिती करतं हेही कळलं, आणि उदासपणाचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असावा या विचाराला त्यातून जोर आला. त्याच सिबानं 1963 मध्ये गोरेगावला संशोधन केंद्र उघडलं, पंडित नेहरूंच्या हस्ते. तिथे डॉ. के. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रॉक्सॅझेपिन नावाचं औषध घडवलं, नैराश्यावरचं, आणि ते 1982 मध्ये भारतात विक्रीला आलं. नवे उपचार नेहमी अमेरिकेहूनच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गोरेगाव पूर्वेला जाऊन यावं.

तिसरी गोष्ट बोरिवली-दहिसरची. 1988 मध्ये डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याला रस्त्यावर एक तरुण दिसला. अंगावर चिंध्या, हातात नारळाची करवंटी, आणि तिनं तो गटाराचं पाणी पीत होता. ते त्याला आपल्या दवाखान्यात घेऊन गेले. उपचारांनी तो सावरला तेव्हा कळलं, की तो विज्ञानाचा पदवीधर आहे आणि त्याचे वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी आहेत. त्यातून श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन उभं राहिलं, आधी दहिसरला, मग 2006 पासून कर्जतजवळ. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचं, बरं करायचं, त्याच्या तोंडून गावाचं नाव येईपर्यंत थांबायचं आणि घरी पोचवायचं. हजारो माणसं अशी घरी गेली. 2018 चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. वाटवानींना मिळाला तो याच कामासाठी. यात लक्षात घ्यावं असं हे, की या माणसांना दिलेली औषधं बहुतेक जुनी आणि स्वस्त आहेत. माझ्या दुकानात ती खालच्या खणात असतात.

आता दुकानाविषयी थोडं. माझ्याकडे मनोविकाराच्या चिठ्ठ्या घेऊन येणारी पुष्कळ माणसं घाटकोपर-भांडुपची असतात. त्यांच्या इमारतीखाली औषधांचं दुकान नसतं असं नाही. ओळखीचं असतं, म्हणून ती इकडे येतात. (मुलुंडची माणसं त्यासाठी ठाण्याला जात असावीत, असा माझा अंदाज आहे.) ‘खोकं नको, नुसती पट्टी द्या’, ‘बिलावर नाव नको’. नाव घालावंच लागतं, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची तर वेगळी वही ठेवावी लागते. ‘ही वही कोण बघतं हो?’ असं विचारणारी बाई मधुमेहाची गोळी मात्र मोठ्यानं नाव घेऊन मागते.

आणखी एक गोष्ट काउंटरवरून दिसते. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. माणूस दुसऱ्या आठवड्यात गोळी सोडतो आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणतो. बरं वाटलं की सोडतो. घरात लग्न ठरलं की सोडतो, सोडायला लावतात. हे मी रोज पाहतो, म्हणून नव्या उपचारांच्या बातम्या वाचताना माझा आनंद जरा बेतानंच होतो.

आनंद होत नाही असं नव्हे. भूल देण्याच्या जुन्या केटामाइनचा जवळचा भाऊ एसकेटामाइन, नाकातला फवारा म्हणून, 2019 पासून अमेरिकेत चिवट नैराश्यासाठी मंजूर आहे. त्याचा गुण आठवड्यांऐवजी काही तासांत, दिवसांत दिसू शकतो. पण तो दवाखान्यात बसूनच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास तिथेच थांबायचं. चुंबकीय उपचारात डोक्याला कॉइल लावतात, भूल लागत नाही. पण आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावं लागतं. घाटकोपरहून अंधेरीला नोकरी करणाऱ्यानं ते कसं जमवायचं, यावरही आज कुणीतरी बोलावं. 2024 च्या सप्टेंबरात झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे स्किझोफ्रेनियावरचं औषध अमेरिकेत मंजूर झालं. आतापर्यंतची औषधं डोपामिनचा मार्ग अडवत आली. हे वेगळ्या वाटेनं जातं, म्हणून त्याचं कौतुक रास्त आहे. मात्र चालू औषधाला जोड म्हणून दिलं, तेव्हा 2025 च्या चाचणीत ठाम फरक दिसला नाही. हा दुसरा भाग बातमीत लहान अक्षरांत येतो, आणि माझ्या काउंटरवर तर पोचतच नाही. तिथे पोचते ती मोबाइलवर आलेली पहिली बातमी, आणि ‘हे आहे का तुमच्याकडे?’ हा प्रश्न.

म्हणून तज्ज्ञांना विनंती, की प्रत्येक नव्या उपचाराबरोबर तीन गोष्टी मराठीत सांगाव्यात: तो कुणासाठी आहे, महिन्याला किती पडतो, आणि किती काळ घ्यायचा. क्लोझापिनविषयीही बोला. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात ते गुण देतं हे 1988 पासून ठाऊक आहे, पण सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं म्हणून कितीतरी रुग्णांपर्यंत ते पोचतच नाही. माझ्या मते आपल्याकडे मिळू शकणारा सर्वांत मोठा ‘नवा’ उपचार म्हणजे हे जुनं औषध नीट देखरेखीखाली मिळणं. डॉक्टरांना हे पटत नसेल तर दुपारच्या सत्रात माझी खरडपट्टी काढावी, मी पहिल्या रांगेत बसतो.

कार्यक्रमपत्रिकेत एक बदल केला आहे. पहिलं सत्र तज्ज्ञांच्या व्याख्यानांचं होतं, ते अकराला सुरू होईल. त्याआधीचा तास शुभंकरांच्या प्रश्नांचा. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, नाव लिहायची गरज नाही. कागद आणि पेन नोंदणीच्या टेबलावर आहेत. ज्यांना आजच्या नंतर कुणाशी बोलावंसं वाटेल, त्यांच्यासाठी सरकारच्या टेलिमानसचा क्रमांक 14416 तिथेच मोठ्या अक्षरांत लावला आहे. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. चिठ्ठ्या जमा करायला आमचे कार्यकर्ते आता रांगांमधून फिरतील.