इंजिनाची टकटक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मोटारीच्या इंजिनातला एक आवाज’ असे उत्तर दिले. ते ऐकून ते थोडे गोंधळले. कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, महागाई भत्ता किंवा संप यांवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही आयुष्यभर बोलत आलो आहोत, आणि पुढेही बोलू. आज मात्र ज्या गोष्टीने आम्हांला थोडे शहाणपण शिकवले, ती आपल्यापुढे ठेवणार आहोत. आमचे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे ग्रंथालयात आणि वर्कशॉपात झाले. तेव्हा भाषेत काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

गोष्ट २००३ सालची. आमच्या संघटनेकडे सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली एक जुनी अँबॅसेडर होती. पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरांची. उन्हाळ्यात तिचे हेड गॅस्केट गेले. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचे हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो, ते हे गॅस्केट. ते गेले की पाणी कमी होते, इंजिन तापते आणि मागून पांढरा धूर येतो. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो आमच्या तिजोरीला पेलणारा नव्हता. मग आम्ही आणि तीन तरुण सभासदांनी कचेरीच्या अंगणातच इंजिन उघडले. दोन रविवार काम चालले. रॉकर उतरवले, मॅनिफोल्ड सोडला, हेड काढले, नवे गॅस्केट घातले आणि सारे परत बसवले. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. पेढे आले. पेढ्यांवरून हात पुसता पुसता सर्वांनी एकदमच ऐकले : टक्, टक्, टक्, टक्. हा आवाज दुरुस्तीपूर्वी नव्हता.

आता हा आवाज ओळखणे का कठीण, ते थोडक्यात सांगतो. निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने १८७६ साली जे चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले, त्याच जातीचे इंजिन आपल्या बहुतेक पेट्रोल मोटारींत असते. मिश्रण आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे ही त्याची चार कामे. या चार कामांत क्रँकचे दोन वेढे होतात, आणि त्या दोन वेढ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ८०० वेढे घेत असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये वहीच्या तीन-चार कागदांएवढी फट ठेवावी लागते. फट जास्त झाली की टकटक सुरू होते. यालाच आपले मेकॅनिक ‘टॅपेट वाजतो’ असे म्हणतात.

आम्ही रॉकर काढून पुन्हा बसवले होते. तेव्हा दोष टॅपेटचा, असा निकाल तत्काळ लागला. टॅपेटचे काम ज्या मुलाकडे होते तो आमच्यात सर्वांत धाकटा, म्हणून आज त्याला धाकटाच म्हणू. त्याने झाकण उघडून फिलर गेजने फटी पुन्हा मोजल्या. त्या बरोबर होत्या. आवाज तसाच. दुसऱ्यांदा मोजल्या, तरी तसाच. तिसऱ्यांदा आम्हीच त्याला जरा चढ्या आवाजात म्हणालो, “अरे, थोडे आवळून टाक की!” त्याने आवळले. आवाज किंचित कमी झाला. पण इंजिन अडखळू लागले, चढावर दम टाकू लागले. तीन आठवडे हे चालले. कचेरीत येणारा-जाणारा धाकट्याला ‘काय टॅपेटवाले’ म्हणून हाक मारू लागला. तो हसत असे, पण जेवायला आमच्यात बसेनासा झाला.

शेवटी आम्ही एस. टी. वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींना बोलावले. आम्ही गाडी सुरू करून ठेवली होती. त्यांनी ती बंद करायला लावली आणि म्हणाले, “उद्या पहाटे येतो. रात्रभर तिला हात लावू नका. थंड इंजिन खरे बोलते.”

पहाटे गाडी सुरू केली तेव्हा टकटक मोठी होती. दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापले तशी ती विरत गेली. मिस्त्री म्हणाले, “टॅपेट असा लाजत नाही. कुठेतरी फट आहे. धातू तापून फुगला की ती बुजते.” मग त्यांनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला लावले आणि दुसरे पंख्यापासून जपून इंजिनाभोवती फिरवले. पॅरिसच्या लाएनेक या डॉक्टराने १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकले आणि त्यातून स्टेथॉस्कोप निघाला, हे आम्ही वाचले होते. तीच विद्या आमच्या अंगणात चालू होती. नळी मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरापाशी थांबली. मग इंजिन थंड करून, पुन्हा सुरू करून त्यांनी चौथ्या प्लगची ठिणगी तोडली. टकटक जवळजवळ बंद! ठिणगी जोडली, पुन्हा टकटक. (हा प्रयोग त्या जुन्या गाडीवर जाणत्या हाताने केलेला होता. आजच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांवर आपण करू नये.)

अर्थ स्पष्ट होता. टॅपेटचा आवाज ठिणगीवर अवलंबून नसतो. पेटले काय, न पेटले काय, व्हॉल्व्ह हलतच राहतो. आवाज पेटण्याबरोबर जातो-येतो, तर तो जळलेल्या वायूचा. धूरही दोन वेढ्यांत एकदाच बाहेर पडतो, म्हणून त्याची लय टॅपेटसारखीच. नुसते ठोके मोजणारा फसतो तो येथेच. मिस्त्रींनी आरसा आणि बॅटरी धरली. मॅनिफोल्डच्या मागच्या कडेला काजळीची काळी रेघ उमटलेली होती.

मग त्यांनी विचारले, “हा मागचा नट कोणी आवळला होता?”

मुले एकमेकांकडे पाहू लागली. तो नट आम्ही आवळला होता. मंडळी, यापुढचे सांगायला जड जाते. तो आवळताना घट्ट होत होत एकाएकी हलका झाला होता. आटे गेले, हे हाताला त्याच क्षणी कळले होते. पण भोवती मुले उभी होती, आणि आम्ही पुढारी! ‘बसेल, चालेल’ असे मनाशी म्हणून आम्ही पाना खाली ठेवला. तीन आठवडे धाकटा बोलणी खात होता, आणि आमच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट आम्ही तोंडापर्यंत येऊ दिली नव्हती. कारखान्यातला अपघात मालक दडपतो म्हणून आम्ही फाटकावर भाषणे केलेली आहेत!

त्यातही दोन गोष्टी मिस्त्रींनी सांगितल्या, त्या ऐकून घाम फुटला. पहिली अशी की, आवळलेला टॅपेट मुका होतो, पण त्याचा व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता बैठकीला टेकल्यावरच सोडतो. टेकला नाही की जळतो. “वाजणारा टॅपेट परवडला, मुका नको,” हे त्यांचे शब्द. दुसरी गोष्ट त्या गळतीची. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गळतीची जागा गाडीत बसणाऱ्यांच्या बाजूची. त्या तीन आठवड्यांत गाडीतून गेलेल्या दोघांनी डोके जड झाल्याचे सांगितले होते. आम्ही ते उन्हावर ढकलले होते. ते उन्हाने की धुराने, हे आता कोणालाच सांगता येणार नाही; पण उत्तर न मिळालेला तो प्रश्न आमच्याजवळ राहिला आहे.

आम्ही मुलांसमोर, धाकट्याच्या नावाने, झालेले सर्व सांगितले. तो एवढेच म्हणाला, “दादा, पहिल्याच दिवशी सांगितले असते तर अर्ध्या दिवसाचे काम होते.” खरेच अर्ध्या दिवसाचे होते. नवे आटे पाडले, स्टड आणि गॅस्केट नवे घातले, टॅपेटच्या फटी मूळ मापावर आणल्या. टकटक गेली.

तेव्हापासून आमच्या संघटनेत एक रिवाज आहे. हिशेबात फरक येवो, सभा मोडो की यंत्र बिघडो, पहिला प्रश्न असा असतो : शेवटचा हात कोणाचा, आणि त्या हाताला काय जाणवले? सांगणाऱ्याला शिक्षा नाही. आणि पहिले उत्तर पुढाऱ्याने द्यायचे. ज्या खात्यातून कुरकुर अजिबात येत नाही, तेथे आम्ही आधी जातो. तेथे कोणी टॅपेट आवळून ठेवला आहे का, ते पाहायला.