भीती गेली नाही, पण मुलगी जेवू लागली

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. बी.ए.ला मानसशास्त्र हा विषय होता, एवढाच काय तो संबंध. तरीही या विषयावर बोलण्याची परवानगी मी मागून घेतली. आमच्या घरावर हा प्रसंग गुदरला आणि त्यात बाप म्हणून मी ज्या चुका केल्या, त्या इथे बसलेल्या एखाद्या आईबापांना टाळता आल्या तर बरे, एवढाच हेतू.

२०२२ सालच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. आमची धाकटी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. विहारात खीरदान होते. खिरीत काजू होते, आणि ते असणारच; सणाची खीर म्हटल्यावर कोणी हात आखडता घेत नाही. यापूर्वी एकदा काजूकतली खाऊन "ओठ खाजतात" असे ती म्हणाली होती. आम्ही हसण्यावारी नेले होते. त्या दिवशी वाटी संपते न संपते तोच ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. पित्त उठले, आमसूल लावा, असे चार जणींनी सांगितले. आम्हीही तेच केले आणि त्यात मोलाची दहा मिनिटे घालवली. मग उलटी झाली, आवाज बसला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. रिक्षात घालून होळकर पुलावरून तिला नेले. तो पूल मी रोज ओलांडतो. त्या दिवशी तो संपता संपेना.

डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात पोरीचा श्वास मोकळा झाला. रात्रभर ठेवून घेतले, कारण काही तासांनी हा त्रास पुन्हा उलटू शकतो. या तीव्र ॲलर्जीला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. आपण सर्वांनी २०२१ मध्ये कोरोनाची लस घेतल्यावर अर्धा तास खुर्चीवर बसून काढला, तो मुख्यतः याच आजाराच्या धास्तीने. पुष्कळांना तेव्हा वाटले की उगाच बसवून ठेवतात.

आजाराची गोष्ट इथे संपते. आमची खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली.

मुलगी जेवेना. वरण-भात, तोही फक्त आईने समोर शिजवलेला, एवढेच चाले. शाळेतून डबा भरलेलाच परत येई. दर दहा मिनिटांनी आरशात जीभ पाही आणि "बाबा, सुजली का?" असे विचारी. मी वीस वेळा "नाही" म्हणे आणि एकविसाव्या वेळी ओरडे. एका रात्री तिने विचारले, "बाबा, मी मरणार होते का?" मी म्हणालो, "छे, काहीच झाले नव्हते."

मित्रहो, ही माझी सर्वांत मोठी चूक. तिने स्वतःचा श्वास कोंडताना अनुभवला होता. माझे हात थरथरताना पाहिले होते. काही झाले नव्हते असे सांगणारा बाप उद्या "हे खा, यात काजू नाही" म्हणाला, तर तिने विश्वास का ठेवावा? आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन हेच समजावले. मग मी मुलीजवळ बसून खरे सांगितले. "हो, धोका होता. औषध मिळाले म्हणून तू बरी झालीस. काजू टाळायचे, आणि चुकून पोटात गेलाच तर काय करायचे ते आता आपल्याला माहीत आहे." ती रडली. पण त्या रात्री झोपली.

काय करायचे ते नुसते सांगून भागत नाही, ते हाती असावे लागते. परदेशात पेनासारखे तयार इंजेक्शन मिळते. आपल्याकडे ते प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी औषधाची कुपी, सिरिंज आणि चिठ्ठी दिली आणि आम्हा नवरा-बायकोला मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचायला शिकवले. सराव मोसंबीवर केला. मुलगीही शेजारी बसून साधे पाणी भरून मोसंब्याला टोची. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला तो तेव्हा. इंजेक्शन दिल्यावरही १०८ला फोन करून दवाखान्यात जायचेच, तोवर रुग्णाला चालवायचे नाही, हे तिला पाढ्यासारखे पाठ आहे.

दुसरे काम तिच्याकडे सोपवले ते पुड्यांवरचे लेबल वाचण्याचे. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन वगैरे पदार्थ वापरले असतील तर ते पाकिटावर लिहावे लागतात. अक्षरे मुंगीएवढी असतात आणि बहुधा इंग्रजीत. आमच्या घरात ती वाचण्याचा अधिकार तिचा. तिच्या इंग्रजीचाही फायदा झाला, हे जाता जाता सांगतो.

आता भीतीविषयी. भीतीने छाती धडधडते, घशात गोळा येतो, श्वास जोरात चालतो. आणि ॲलर्जीतही असेच काहीसे होते. मोठ्या माणसाला हा फरक कळत नाही, तर मुलाला काय कळणार? आम्ही ठरवले की आरशात एकदाच पाहायचे. गांधी, सूज, उलटी, खोकला किंवा शिट्टीसारखा श्वास यांपैकी काही आहे का ते बघायचे. काही नसेल तर गरम खीर फुंकतो तसा हळूहळू श्वास सोडायचा आणि दहा मिनिटे माझ्याजवळ बसायचे. शंका राहिली तर मात्र ती ॲलर्जीच समजायची, तिथे धीर देत बसायचे नाही. कोणी सुचवले की आनापान शिकवा. इगतपुरीला धम्मगिरीवर मुलांची शिबिरे होतात हे आपण जाणता. माझी त्यावर श्रद्धा आहे. पण या मुलीला श्वासाकडे लक्ष दे म्हटले की ती अधिकच घाबरे, कारण दिवसभर ती श्वासाकडेच लक्ष देऊन बसलेली. तिला बाहेर पाहायला लावले की बरे वाटे, मग खिडकीतून दिसणाऱ्या रिक्षा मोजायच्या. आनापान नंतर, सावकाश.

बी.ए.ला वाचलेली एक गोष्ट या काळात आठवली. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी १९२४ साली पीटर नावाच्या, जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा, मग रोज थोडा जवळ आणायचा. न घाबरणारी मुले आसपास ठेवायची. शेवटी तो ससा त्याची बोटे कुरतडू लागला तरी पीटरला काही वाटेना. आम्ही हीच पायरी-पायरी धरली. परंतु एक भेद नीट ध्यानात घ्यावा. ससा मुळात निरुपद्रवी होता, काजू आमच्या मुलीला निरुपद्रवी नाही. म्हणून सवय करायची ती डब्याची, शेजारच्या घराची, पंगतीची. "थोडा काजू चाखवून बघू" हा उद्योग घरी कोणीही करू नये. तशी तपासणी करायचीच असेल तर ती रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते.

पहिली पायरी म्हणजे शाळेत डब्यातला एकच घास. नंतर अर्धी पोळी. मग मावशीकडे जेवण, पण मावशीला काय काय घातले ते स्वतः विचारून. पंधरा दिवस पुढे जाई, एखादे दिवशी पुन्हा मागे येई. मागे आली की आम्ही रागावत नसू, असे म्हणायला आवडले असते. रागावलो, दोन-तीनदा.

शाळेत मात्र एक प्रसंग घडला. एका बाईंनी काळजीपोटी, खरोखर काळजीपोटीच, डबा खाताना तिला वर्गाच्या कोपऱ्यात एकटीला बसवले. मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, मला वेगळे बसवतात." तिची आजी, माझी आई, तिथेच भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही, ताट तसेच ठेवून उठली. वेगळे बसवणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. बाईंना वाईट वाटले. मग ठरले की ती मैत्रिणींतच बसेल. कोणी कोणाच्या डब्यातले खायचे नाही, आणि खाऊन झाल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे. सगळ्या वर्गाला नियम लागल्यामुळे ती एकटी उरली नाही. भीती अशीच पसरत राहिली, झोप आणि अभ्यास बिघडला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत फोन आहे, त्यावर मराठीतूनही बोलता येते.

२०२४ च्या बुद्धपौर्णिमेला विहारातील भगिनींनी आपणहून दोन पातेली केली, एक सुक्यामेव्याशिवाय, तिचा डावही वेगळा ठेवला. मुलगी आत जाऊन विचारून आली, "आधी कोणते केले? पातेले धुतले होते का?" चुलीपाशी घामाघूम झालेल्या बायकांनी न चिडता उत्तरे दिली. मग ती साध्या पातेल्यापाशी उभी राहून तासभर वाढत होती. मी विचारले, "तू घेतेस का?" म्हणाली, "बघू." शेवटी वाटीभर खीर झाकून घरी आणली, आईसमोर ठेवली, आरशात एकदा जीभ पाहिली, आणि खाल्ली.