तळाशी थांबू नका

श्रोतेहो, उभ्या उडीविषयी बोलण्यास मला जी थोडी मिनिटे मिळाली आहेत, ती बहुतेक सारी मी एकाच गोष्टीपायी खर्ची घालणार आहे. कारण बैठका मारमारून मांड्या दगडासारख्या झालेली आपली मुले व्हॉलीबॉलच्या जाळीपाशी, त्या २ मीटर ४३ सेंटिमीटर उंचीच्या पट्टीखाली, गुडघे वाकवून क्षणभर दबा धरतात आणि मग उडतात, हे मी नित्य पाहतो. आणि त्या क्षणभराच्या मुक्कामात त्यांची कमाई हातची जाते.

भूमी सोडताना देहाला जो वेग असेल, त्याच्या हिशेबानेच उंची पदरात पडते. पुढे हवेत कितीही हातपाय झाडले तरी देहाचा गुरुत्वमध्य तसूभर अधिक चढत नाही. सेकंदास ३ मीटर वेग असल्यास तो सुमारे ४६ सेंटिमीटर वर जातो, आणि वेगात दशांशाची भर पडली तर सुमारे ५५.

हा वेग तळाशी थांबल्याने कसा हरवतो ते कळण्यासाठी आता विहिरीवर भरली घागर डोक्यावर घेणारी बाई डोळ्यांपुढे आणा. ती किंचित वाकते, आणि वाकण्याचा ओघ संपतो न संपतो तोच घागर मांडीवर, मांडीच्या रेट्याने कमरेशी, कमरेच्या हिसक्याने खांद्याशी आणि तिथून चुंबळीवर जाते. मध्येच कोणी हाक मारली आणि घागर मांडीवर टेकली, की तीच घागर दुप्पट जड होते, कारण आधीचा जोर जमेस धरता येत नाही. उडीतही कंबर, मग गुडघा, शेवटी घोटा, असा जोर एकाला एक जोडला जातो. खाली येणाऱ्या देहाला अडवताना स्नायू ताणले जातात, टाचेमागची जाड कंडरा ताणली जाऊन शक्ती साठवते, आणि वर उसळण्यापूर्वीच पायांत पुरा जोर भरलेला असतो. तळाशी थांबलात की तो ताण विरतो. पुन्हा सांगतो, कारण हेच नेमके ऐकायचे राहून जाते : वाका, पण तिथे वस्ती करू नका.

बाळांनो, माझे खरे वाटत नसेल तर व्यायामतज्ज्ञ सार्जंट यांनी १९२१ साली मांडलेल्या उडीच्या परीक्षेच्या धर्तीवर एक साधी परीक्षा करा. बोटांना खडू लावून भिंतीशी उभे राहा; एकदा तळाशी तीन अंक मोजून उडा, एकदा न थांबता उडा, आणि दोन्ही खुणांमधले अंतर बोटांनी मोजा. हात मात्र दोन्ही वेळा सारखेच फेका, कारण नुसत्या हातांच्या झोक्यानेही उडी वाढते आणि मग तुलना फसते.

उतरण्याविषयी बोलायचे राहिलेच. गुडघे आत कोसळू देऊ नका, चवड्यांवर उतरून मग टाचा टेका, आणि... परंतु काचेपलीकडून खूण झाली आहे.