निकालाच्या तक्त्यापलीकडे



मॅरेथॉनच्या निकालाचा तक्ता थोडे सांगतो आणि पुष्कळ झाकून ठेवतो. 1936 साली बर्लिन येथे सोन की-चुंग ह्या कोरियन तरुणाने 2 तास 29 मिनिटे 19 सेकंदांत ही शर्यत जिंकली. परंतु कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली असल्यामुळे देशाच्या रकान्यात जपानचे नाव चढले. आपल्या नाशिक जिल्ह्यातील एका धावपटूविषयीही तक्ता असाच अपुरा बोलतो. रिओ, 14 ऑगस्ट 2016, कविता राऊत, 2 तास 59 मिनिटे 29 सेकंद, क्रमांक 120. एवढे वाचून पुष्कळांनी मान हलवून विषय संपविला. तो तसा संपविणे अन्यायाचे आहे, असे मला वाटते.

जिल्ह्याच्या उत्तर अंगास, मोसम नदीकाठी, आमचे नामपूर. आणि पार पश्चिमेस, त्र्यंबकेश्वर तालुक्यातील डोंगराळ मुलखात, हरसूलजवळ सावरपाडा. कविताबाई तेथल्या. लांब पल्ल्याची धाव त्यांनी का पत्करली, ह्याचे त्यांनीच सांगितलेले कारण ऐकण्यासारखे आहे : ती अनवाणी धावता येते. खेळाची निवड आवडीने होते अशी आपणा सुखवस्तू मंडळींची समजूत असते. येथे बुटांच्या किमतीलाही त्या निवडीत मत होते!

पुढे विजेंद्र सिंग हे शिक्षक लाभले, आणि लोक त्यांना ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणू लागले. 1958 साली मिल्खासिंग यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविल्यानंतर धावपट्टीवरील एकही वैयक्तिक पदक आपल्या वाट्यास आले नव्हते. 2010 च्या ऑक्टोबरात दिल्लीस दहा हजार मीटरच्या शर्यतीत दोघी केनियन स्त्रियांच्या पाठोपाठ तिसऱ्या येऊन कविताबाईंनी तो खंड मोडला. वेळ होती 33 मिनिटे 5 सेकंद. पुढच्याच महिन्यात चीनमध्ये ग्वांगझौ येथे आशियाई स्पर्धेत त्याच अंतरास त्यांना 31 मिनिटे 51.44 सेकंद लागले. पंचवीस फेऱ्या धावून सुवर्णपदक हुकले ते एका सेकंदाहूनही कमी अंतराने, आणि ते नेले आपल्याच प्रीजा श्रीधरन यांनी. 2012 साली कविताबाईंना अर्जुन पुरस्कार मिळाला.

मॅरेथॉनमधील त्यांचे मोठे यश त्यानंतरचे. फेब्रुवारी 2016 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी 2 तास 38 मिनिटे 38 सेकंदांत सुवर्णपदक मिळविले, आणि त्याच धावेने ऑलिंपिकचे दार उघडले. म्हणजे रिओस त्यांना आपल्याच वेळेपेक्षा वीस मिनिटांहून अधिक लागली. हे अपयशच होय. त्यास दुसरे गोंडस नाव देण्याचे कारण नाही. मात्र त्या दिवशीच्या उन्हात कित्येक जणींनी शर्यत वाटेतच सोडली. कविताबाईंनी 42 किलोमीटर 195 मीटर अंतर पुरे केले.